विषय सुटला

या, असे पुढे या. खांबामागे बसलात तर बुवांची टाळी ऐकू येते, पण टाळीच्या आधी घेतलेला श्वास ऐकू येत नाही, आणि मला विचाराल तर कीर्तन त्या श्वासातच असतं. सतरंजीवर जागा आहे. गुडघे दुखत असतील तर पाय लांब करा, इथे कुणी काही म्हणणार नाही. मी एक आख्यान सांगणार आहे. त्यात राजा नाही, राक्षस नाही, शेवटी कुणावर फुलं पडत नाहीत. त्यात एक कोष्टक आहे, कोष्टकात एक रकाना आहे, आणि तो रकाना माझ्या तोंडच्या एका शब्दाने भरला गेला आहे. पूर्वरंग लांबला तर सांभाळून घ्या. उत्तररंग लहानच आहे, एका वाक्याचा, आणि ते वाक्यही माझं नाही.

श्रावणातला मंगळवार होता. अंबडला आमच्या कंपनीत विजेची पॅनेल बनतात आणि मी तिथे स्टोअरचा इन्चार्ज आहे, कुठल्या मांडणीच्या कुठल्या खणात काय ठेवलंय ते डोळे मिटून सांगणारा. एचआरमधली संपदा टॅब घेऊन आली आणि स्टूल ओढून माझ्या टेबलाशी बसली. पोरगी चांगली आहे, माझ्या लेकीहून, ओवीहून, दोनतीन वर्षांनी मोठी असेल, मला काका म्हणते, माझा उपास असला की कँटीनमधून माझ्यासाठी साबुदाण्याची खिचडी बाजूला काढून ठेवायला सांगते. हेड ऑफिसातून एक कोष्टक आलं होतं. प्रत्येक माणसाचं शिक्षण, शिक्षणाचा विषय, आणि त्या विषयाचा सध्याच्या कामाशी संबंध: भरपूर, मध्यम, थोडा, नाही. आधी तुमचंच भरू, म्हणाली. मी अर्थशास्त्र सांगितलं. तिने बोट सरकवलं, यादीत अर्थशास्त्र सापडलं, आणि संबंधाच्या रकान्यात तिने मला न विचारताच मध्यम टाकलं. मध्यम कसा काय, म्हणून विचारलं तर म्हणाली, काका, स्टोअर म्हणजे डिमांड-सप्लायच की. मला हसू आलं. एक रेघ खाली येते, एक वर जाते, आणि जिथे त्या एकमेकींना छेदतात तिथे काहीतरी घडतं, असं आमचे सर सांगायचे. काय घडतं ते मला परीक्षेपुरतंसुद्धा कळलं नाही, मी गाइडावर पास झालो. बत्तीस वर्षं या मांडण्यांमधून फिरतोय, त्या दोन रेघा मला एकदाही दिसल्या नाहीत. आणि या पोरीने एका बोटाने मला माझ्या पदवीला लायक करून टाकलं. मग तिने माझ्या हाताखालची माणसं घेतली. सहादू दहावी, सनी आयटीआय. मग म्हणाली, "महेबूबकाका. एचएससी. बरोबर ना?" आणि तिचं बोट पडद्यावर, काचेपासून तांदळाच्या दाण्याएवढ्या अंतरावर थांबलं.

मी नुसतं हो म्हणायचं होतं. एक अक्षर. तिला चहाला उशीर होत होता, सहादू चलनावर सही घ्यायला उभा होता. पण त्या थांबलेल्या बोटाकडे बघताना माझ्या कानात आदल्या रविवारचे बुवा उभे राहिले. घाटाजवळच्या आमच्या देवळात चातुर्मासात दर रविवारी कीर्तन असतं, साडेपाचपासून दिवेलागणीपर्यंत. मी पेटीवाल्याच्या मागे, बुवांच्या डाव्या हाताला बसतो. मला कीर्तनात फार लवकर रडू येतं, माझी बायको सुधा म्हणते तुम्ही नमनालाच डोळे पुसायला लागता, निरूपणाला काय उरणार. त्या रविवारी निरूपणाला 'विषय' होता. डोळ्यांचे विषय, जिभेचे विषय, मनाचे विषय. बुवा तरुण आहेत, आवाज असा की झांज थांबली तरी हवेत थरथर राहते. दोन्ही हात वर करून ते म्हणाले, ज्याचा विषय सुटला, तो सुटला. सगळ्यांनी टाळ्या दिल्या. माझे हात वर गेले आणि तिथेच राहिले. ज्याचा विषय सुटला तो सुटला. अगदी खरं होतं. सुटलो होतो की मी. छत्तीस वर्षांपूर्वी, कॉलेजच्या खिडकीवर, दुपारी साडेचारला, शिक्क्यासकट.

महेबूब बाहेर होता. तो दर रविवारी देवळाच्या तिसऱ्या पायरीवर बसतो, तिथे कर्णा नीट ऐकू येतो. माझ्या चपला त्याच्या शेजारी असतात. आत ये, असं मी त्याला पहिल्या वर्षी म्हणालो होतो. तो म्हणाला, बाहेर वारा असतो राजे, तुम्ही माझ्या वाटचं पाहून या, मी तुमच्या चपला राखतो. आत आला असता तर कुणी अडवलं नसतं. एखाददुसऱ्याने मान वळवून पाहिलं असतं, एवढंच. ती वळलेली मान मला सोसली नसती म्हणून मी पुन्हा म्हणालो नाही, आणि त्याला मी त्याचा समजूतदारपणा असं नाव दिलं. माझं नाव ढुंढिराज, म्हणून तो मला राजे म्हणतो. कीर्तन सुटलं की आम्ही भद्रकालीपर्यंत चालत जातो आणि बुवांनी कुठल्या जुन्या शब्दाची कुठे फोड चुकवली ते तो मला हळू आवाजात सांगतो, जणू कुणाचं काही उघडं पडलंय आणि ते झाकायचंय. त्या दिवशी मी त्याला विचारलं, विषयाला आपल्या जुन्या भाषेत काय म्हणायचे रे. तो लगेच म्हणाला, विसय. ष झिजून स झाला. खेड्यातली माणसं इषय म्हणतात, त्यांनी 'व'सुद्धा खाल्ला. "अजून हजार वर्षांनी बघा राजे, या शब्दाचं काहीच उरणार नाही," म्हणाला, आणि चांगला हसला. माझ्या पायात चप्पल चावत होती, ती तशीच चावू दिली.

आपली जुनी भाषा म्हणजे अर्धमागधी. तुमच्यातल्या काहींना आठवत असेल, शाळेत संस्कृतऐवजी घेता यायची. भरपूर मार्क पडतात अशी तिची कीर्ती होती, बाकी तिच्याविषयी कुणाला काही माहीत नव्हतं. मी मार्कांसाठी घेतली. महेबूबने उर्दूला शिक्षक नव्हते म्हणून घेतली. त्याचे वडील मालेगावला मागावर, तो इथे मावशीकडे, गुलजारबींकडे राहायचा, आणि आठवीच्या वर्गात मास्तरांनी पहिल्या दिवशी त्याला विचारलं होतं, तुझं काय काम रे या भाषेत? त्याला त्या वेळी उत्तर आलं नाही. ते आलं कॉलेजात, वत्सलाबाईंच्या तासाला. बाई इगतपुरीहून यायच्या, यजमान रेल्वेत होते. तिकडचा पाऊस तुम्हाला माहीत आहे, बाईंच्या साडीचा काठ आषाढ ते आश्विन वाळायचा नाही, पण वह्या-पुस्तकं मेणकापडात कोरडी असायची. ते मेणकापड उलगडलं की वर्गात घाटाचा ओला वास सुटायचा. पहिल्याच तासाला त्यांनी फळ्यावर तीन शब्द लिहिले, एकाखाली एक. कर्म. कम्म. काम. शब्द पंडितांच्या ओसरीवर बसून राहिला की जाड होतो, त्या म्हणाल्या, लोकांच्या तोंडात गेला की त्याचे कोपरे झिजतात, मग तो चालायला लागतो. मग त्यांनी विचारलं, कम्ममध्ये दोन म आहेत, काममध्ये एकच, दुसरा कुठे गेला? मागून महेबूबचा आवाज आला, "बाई, तो गेला, पण क लांबला. कचा का झाला." बाईंनी खडू खाली ठेवला. त्यांचा चेहरा मला अजून दिसतो, नैवेद्याचं ताट पुढे ठेवल्यावर मागे सरतो तशा त्या एक पाऊल मागे सरल्या होत्या. मग म्हणाल्या, जोडीतला एक निघून गेला की शेजारच्याला लांबावं लागतं. लिहून घ्या. मी लिहून घेतलं. तीन मार्कांचा प्रश्न होता.

तिसऱ्या वर्षाला विषय स्पेशल घ्यायचा तर वर्गात आठ नावं लागायची, सात झाली की विषय बंद. आम्ही बरोब्बर आठ होतो. बाई रोज मोजायच्या, हजेरी घेताना नव्हे, दारातून आत येताना, ओठ न हलवता, आणि आठवर आल्या की पदर सावरायच्या. मला हे माहीत होतं. मला माहीत नव्हतं असं मी पुढे पुष्कळ वर्षं स्वतःला सांगितलं, पण आज तुमच्यासमोर बसून ते नाही सांगत. माझे वडील रामकुंडावर, यात्रेकरूंचे विधी करायचे. मी त्यातून बाहेर पडावं असं त्यांना फार वाटायचं. अर्धमागधी या नावातच त्यांना शकुन वाईट दिसायचा. अर्धं शिकून पोट पूर्ण भरतं का, हा त्यांचा रोज जेवतानाचा टोमणा. माझे एक काका बँकेत होते, ते म्हणाले, अर्थशास्त्र घेतलंस तर मी शब्द टाकीन. विषय बदलण्याच्या शेवटच्या दिवशी मी फॉर्म घेऊन खिडकीवर गेलो. महेबूब बरोबर होता, माझी सायकल धरून उभा. कसला फॉर्म रे, त्याने विचारलं. मी स्कॉलरशिपचा म्हणालो. आतल्या कारकुनाने शिक्का मारला, तो जरा तिरका बसला, म्हणून त्याने पुन्हा मारला. दोन शिक्के. महेबूब म्हणाला, चल, आता तरी चहा पाज. मी पाजला. भजीही घेतली. भजी गरम होती, त्याची जीभ भाजली आणि तो भाजल्या जिभेने 'उण्ह, उण्ह' करत नाचला, उष्णचं उण्ह, आणि मी खूप हसलो. इतका हसलो की माझ्या डोळ्यांत पाणी आलं. कीर्तनात येतं तसंच.

चौथ्या दिवशी नोटीस लागली. विद्यार्थिसंख्येअभावी विषय बंद. संबंधित अध्यापिका अतिरिक्त. बाई सकाळच्या गाडीने आल्या, मेणकापडाचं गाठोडं छातीशी, फळ्यापुढे उभ्या राहिल्या. नोटिशीत कुणीतरी अर्धमागधीतला शेवटचा धी ऱ्हस्व लिहिला होता. बाईंनी पर्समधून पेन काढलं, ती वेलांटी दीर्घ केली, पेनला टोपण लावलं आणि निघून गेल्या. मी जिन्याच्या कठड्यामागे उभा होतो. मला वाटलं त्यांनी मला पाहिलं नाही. नंतर वाटायला लागलं की पाहिलं, आणि मोजलं, आणि सातवर थांबल्या. बाकीचे सहा जण इतिहासात, मराठीत, कुठे कुठे शिरले, कुणाचे काका होते, कुणाचे मामा. महेबूबला विषय बदलायची तारीख उलटून गेली होती. पुढच्या वर्षी बघू, तो म्हणाला. पण दिवाळीत त्याच्या वडिलांचा हात मागात सापडला आणि ते पुढचं वर्ष आलं नाही. बाई पुढे इगतपुरीलाच बालवाडी चालवायच्या, तीन-चार वर्षांच्या मुलांना अ आ इ गिरवायला लावायच्या. महेबूब त्यांना भेटायला जायचा, वर्षातून दोनतीनदा, घोटीवरून तांदूळ घेऊन. बाई माझी चौकशी करतात, तो यायचा आणि सांगायचा. काय विचारतात, असं मी कधी विचारलं नाही. जाऊ एकदा दोघं, म्हणायचो. मग त्या गेल्याचंही त्यानेच सांगितलं, चलनाचे गठ्ठे लावता लावता, आणि त्या दिवशी त्याने सगळे गठ्ठे उलटे लावले.

त्याला कंपनीत मी लावलं. हे मी देवळात चारचौघांत सांगतही असे, आमचा एक वर्गमित्र, अडचणीत होता, चिकटवला. सांगताना छाती जरा भरायची. डिस्पॅचला, पेट्यांवर नावं घालायला. ब्रश घेऊन तो लाकडावर अशी अक्षरं काढायचा की ट्रकवाले थांबून बघायचे, 'ही बाजू वर', 'जपून हाताळा', वेलांट्यांसकट, दीर्घ त्या दीर्घ. नंतर छापील स्टिकर आले, तरी तो एखाद्या पेटीच्या तळाशी, कुणाला दिसणार नाही अशा फळीवर, पेन्सिलीने एखादा शब्द लिहायचा. मी एकदा पेटी उलटी करताना पाहिला. अज्ज. म्हणजे आज. आणि आणखी एक गोष्ट सांगतो, ती मला इतक्या वर्षांत कुणाला सांगता आली नाही. कॉलेजात तो मला तू म्हणायचा. कंपनीत लागला त्या सकाळी तो माझ्या टेबलाशी आला आणि म्हणाला, "राजे, कुठे बसू सांगा." सांगा. मला वाटलं लोकांसमोर म्हणून असेल. पण मग भद्रकालीच्या वाटेवर आम्ही दोघंच असतानाही, त्याच्या घरी त्याच्या अफिफाच्या बारशाला, माझ्या वडिलांच्या दहाव्याला, रामकुंडावर माझ्या खांद्यावर हात ठेवूनसुद्धा तो तुम्हीच म्हणाला. एक अक्षर गेलं होतं आणि त्याच्या जागी आदर लांबला होता. त्याचं मला कुठे काही म्हणता येईना, कारण आदराची तक्रार कशी करणार.

तर ते बोट. पोरीचं बोट काचेवर थांबलेलं, आणि माझ्या छातीत बुवांची ती ओळ. मला वाटलं, देवाने संधी दिलीय. असं मला फार वेळा वाटतं, भाविक माणसाला तो रोगच असतो. मला वाटलं, एका कागदावरून मी त्याचा विषय पुसला, दुसऱ्या कागदावर मी तो लिहीन. छत्तीस वर्षांत कुठल्याही सरकारी, खाजगी कागदावर त्या माणसाच्या नावापुढे तो शब्द आला नाही, तो आज येईल. मी ताठ बसलो. "एचएससी नाही," मी म्हणालो. "लिही. बी.ए., दोन वर्षं पूर्ण. विषय, अर्धमागधी." सहादूसुद्धा वळून बघायला लागला. संपदाने विचारलं, अर्ध काय? मी पुन्हा सांगितलं. अर्ध का काका, पूर्ण नसते का ती, म्हणाली, आणि तिला हसू आलं, वाईट भावनेने नव्हे. मी तिला स्पेलिंग सांगायला लागलो, ए, आर, डी, एच. ती म्हणाली, टाइप नाही करावं लागत, यादीत नसलं की 'इतर' करायचं. तिने इतर केलं. इतर केल्याबरोबर शेजारच्या रकान्यात संबंध आपोआप आला. नाही. ती पुढच्या नावाकडे गेली. माझे डोळे भरून आले होते. मला वाटलं हा आनंद आहे.

संध्याकाळी मी हे महेबूबला सांगितलं, जरा नाट्य करून, प्रसाद हातावर ठेवावा तसं. तो म्हणाला, "कशाला राजे." एवढंच. मी ते त्याच्या नम्रतेत जमा केलं.

गणपती गेले आणि यादी आली. स्टोअर आणि डिस्पॅच मिळून एक माणूस कमी करायचा होता, आणि नाव महेबूबचं होतं. मी तडक संपदाच्या केबिनमध्ये गेलो. म्हटलं, बावीस वर्षं झाली या माणसाला, एक पेटी चुकीच्या गावाला गेली नाही, आणि सहादू त्याच्यानंतर आलाय. ती खाली बघत होती. तिने मला समजावून सांगितलं, अगदी हळू, मोठ्या माणसाला दवाखान्यात सांगतात तसं. दहावी-बारावीवाल्यांना नुसता अनुभव मोजतात, ते यादीत येतच नाहीत. त्यावरचं शिक्षण दाखवलं की विषय मोजतात, आणि विषयाचा संबंध 'नाही' आला की माणूस सरप्लस. जुन्या नोंदीत ते एचएससी होते, म्हणाली. तसंच ठेवलं असतं तर नाव गेलंच नसतं. "बारावीवाल्यांना विषय नसतो, काका." सरप्लस म्हणजे अतिरिक्त. मला तो तिरका शिक्का दिसला, आणि दुसरा, सरळ मारलेला.

पोरीने खटपट केली. हेड ऑफिसला मेल टाकला, की माहिती चुकून गेली. उत्तर आलं, माहिती इन्चार्जने स्वतः दिलेली आहे, दुरुस्ती करायची तर संबंध कोणता ते लिहून द्या. तिने कागद माझ्यापुढे सरकवला. काका, त्या भाषेचा आणि डिस्पॅचचा काहीतरी संबंध सांगा ना, मी घालते. मी तो कागद घेऊन बसलो. मला काय काय लिहिता आलं असतं. की जो माणूस जोडाक्षरातून गळालेलं अक्षर ओळखतो त्याला पेटीतून गळालेला बोल्ट दिसतो. की त्याच्या हातून वेलांटी चुकत नाही म्हणून गाव चुकत नाही. हे सगळं आत्ता सुचतंय. तेव्हा त्या कोऱ्या कागदावर मी फक्त कर्म लिहिलं, खाली कम्म, खाली काम, आणि ते इतकं वेडगळ दिसलं की खोडून टाकलं. मग संपदाने दार लोटलं आणि आवाज खाली आणून म्हणाली, त्यांना फक्त आकडा हवाय. डिस्पॅच-स्टोअरमधून एक. दुसरं कुणी आपणहून निघत असेल तर ही यादी रद्द होते. ती माझ्याकडे बघत नव्हती. टेबलावरच्या छोट्या गणपतीला चिकटलेलं दुर्वेचं पातं ती नखाने काढत होती. माझी निवृत्ती दीड वर्षावर आहे. माझं घर झालंय. महेबूबच्या अफिफाची नर्सिंगची दोन वर्षं बाकी आहेत, आणि घरात दुसरा मिळवता हात नाही.

एका नावाचा प्रश्न होता. मागच्या वेळी मी माझं नाव काढलं म्हणून त्याचं सगळं गेलं, या वेळी मी माझं नाव काढलं तर त्याचं राहणार होतं. इतकं सोपं गणित माझ्यासमोर कुणी कधी मांडलं नव्हतं, अर्थशास्त्रातसुद्धा नाही. मी म्हणालो, ओवीचं शेवटचं वर्ष आहे, बघतो. तीन दिवस बघत होतो. सकाळी पूजेला बसलो की देवाच्या तोंडाकडे बघायचो, त्याने काही सांगितलं नाही, म्हणजे सांगितलं असेल तर मी दिवा नीट करत होतो. रविवारी कीर्तनाला गेलो. आख्यानात भक्ताने मित्रासाठी सगळं सोडलं आणि मी ढसाढसा रडलो, इतका की पेटीवाल्याने पाण्याचं भांडं पुढे केलं. बाहेर आलो. तिसऱ्या पायरीवर माझ्या चपला होत्या, नेहमीसारख्या, टाचेला टाच लावून. महेबूब उभा राहिला. म्हणाला, आज बुवांचा आवाज बसला होता. भद्रकालीपर्यंत तो आवाजाविषयी बोलला, सुंठ आणि खडीसाखर, कुठे चांगली मिळते. त्याला सगळं कळलेलं होतं, दुसऱ्या कुणाच्या नावाने यादी रद्द होते हेसुद्धा, कारण असल्या गोष्टी कँटीनमध्ये सगळ्यांना कळतात. त्याने ते मला विचारलं नाही. ओवीचं कसं चाललंय, ते विचारलं. चौथ्या दिवशी मी संपदाला सांगितलं, यादी आहे तशी जाऊ दे. ती बरं काका म्हणाली. त्यानंतर ती मला सर म्हणते.

महिनाअखेरीला त्याचा शेवटचा दिवस. कंपनीने शाल दिली, नारळ दिला, फोटो काढला. त्यात मी त्याच्या शेजारी आहे, इन्चार्ज म्हणून. सहा वाजता गेटवर बस लागली होती, बायका-माणसं चढत होती, सनी ओरडून जागा धरत होता. मी महेबूबला बाजूला घेतलं, पिंपळाच्या पाराशी. मराठीत मला काही बोलता येईना. माफ कर म्हटलं असतं तर तो अरे नाही नाही म्हणाला असता आणि सगळं तिथेच मिटलं असतं, कुणाचा धक्का लागल्यासारखं. मला बाईंचा एक तास आठवला. मिथ्याचं मिच्छा, दुष्कृताचं दुक्कड. त्या भाषेत क्षमा मागताना मला क्षमा करा असं म्हणत नाहीत, बाईंनी सांगितलं होतं. माझ्या हातून जे वाईट घडलं ते फोल होवो, असं म्हणतात. घडलेलं न घडलेलं होवो. किती मोठं मागणं आहे बघा. मी त्याचे हात धरले. शाल मध्ये आली, नारळ मध्ये आला. छत्तीस वर्षांनी मी ती भाषा तोंडात घेतली आणि ती मला जड गेली, वाळलेल्या भाकरीसारखी. "मिच्छा मि दुक्कड," मी म्हणालो.

बसवाल्याने हॉर्न दिला. महेबूबने माझ्या हातातून आपले हात हळूच सोडवून घेतले, नारळ काखेत नीट धरला, आणि अगदी वर्गातल्या आवाजात, मागच्या बाकावरून यावा तशा आवाजात म्हणाला,

"दुक्कडं. अनुस्वार गिळलास, राजे."

गिळलास. बसमध्ये चढेपर्यंत मला ते लक्षातच आलं नाही. आलं तेव्हा बस पाथर्डी फाट्याला वळत होती, आणि तो पुढच्या दारातून उतरून, शाल खांद्यावर, उलट्या दिशेने चालायला लागला होता. त्याने मला तू परत दिला होता. तो क्षमेचा होता की हिशेब मिटवल्याचा, ते मी तेव्हापासून रोज स्वतःला विचारतोय, देवासमोर, मांडण्यांसमोर, आणि त्या तिसऱ्या पायरीसमोर. तिथे आता माझ्या चपला एकट्या असतात, एक सरळ, एक उलटी, जशा पायातून निघतील तशा.

झालं. आता दिवा ओवाळतील, बुक्का लावतील, तुम्ही उठाल. उठण्याआधी माझं एक ऐका. उद्या सकाळी तुम्ही घरातून निघताना कुणीतरी विचारेल, कुठे निघालात, आणि तुम्ही म्हणाल, कामाला. तो शब्द सगळ्यांच्या तोंडात आहे, अगदी झिजून गुळगुळीत झालेला, त्यात आता अडकायला काही नाही. फक्त त्यातल्या पहिल्या अक्षराशी क्षणभर थांबा. ते लांबलेलं आहे. त्याच्या शेजारचं कुणीतरी निघून गेलं होतं. तेवढ्या वेळात महेबूबचं नाव घ्या. माझं नको.